एलेनाचा चारांगो

काल कॅलिफोर्नियातल्या आमच्या सांता क्लाराच्या आठवडी बाजारात कुणीतरी चारांगो वाजवत होतं. अँडीज पर्वतातलं हे चिमुकलं तंतुवाद्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एलेनाकडून. ती आमची शेजारीण, पन्नाशीची, मूळची चिलीची. आम्ही तेव्हा इथे नवीनच आलो होतो.

एका दुपारी पार्कमध्ये ती चारांगो वाजवत तिच्या डोंगरांचं, स्वातंत्र्याचं गाणं गात होती. गाताना मान कशी ताठ व्हायची तिची! तेवढ्यात दोन पोलीस आमच्या दिशेनं येताना दिसले आणि तिची बोटं तारांवरच थिजली.

"लष्कराच्या राजवटीत याच गाण्यांपायी बाबांना घेऊन गेले," ती कुजबुजली. "ते परत आलेच नाहीत."

"अगं, ही अमेरिका आहे. इथे तसं काही होत नाही," मी म्हणाले.

"का थांबलात? छान वाजवत होतात," एक पोलीस हसून म्हणाला. एलेनानं त्याच्याकडे न बघताच गाणं शेवटपर्यंत म्हटलं. मला वाटलं, उगाच घाबरली बिचारी.

हल्ली मीच पर्समध्ये इमिग्रेशनची कागदपत्रं असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. काल बाजाराच्या त्या गर्दीत गणवेशातली दोन माणसं दिसली.

"मॉम, यू आर हर्टिंग मी," माझी मुलगी माझ्या मुठीतून हात सोडवत म्हणाली.