बोपदेव घाटात मी गाडी का घेतली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि जिच्या बाबतीत घडलं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही. लहानपणापासून मला एक खोड आहे — बिघडलेली वस्तू दिसली की उघडून बघायची. खडकीला क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा शेजारपाजारचे पंखे, इस्त्र्या, रेडिओ माझ्याकडे यायचे. दुरुस्त होऊनच परत जायचे असं नाही, पण आत काय आहे ते मला कळायचं. आज स्वतःलाच उघडून बसलोय असं समजा. दुरुस्तीची हमी नाही.

वीसेक वर्षं मी ट्रक आणि बस चालवली. मग पाठ कुरकुरायला लागली, तेव्हा एका खाजगी कंपनीत गाडी शिकवायला लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नावं ठेवायची तर मलाच ठेवायला हवीत. ही कंपनी मिनीबसमधून आयटीवाल्यांची ने-आण करायची. मोठ्या गाडीला चालक मिळायचे नाहीत, म्हणून छोट्या गाड्या चालवणारी माणसं घ्यायची, त्यांना आम्ही शिकवायचं, कंपनीने लायसन काढून द्यायचं. बदल्यात त्यांनी लिहून द्यायचं, की दोन वर्षं सोडून जाणार नाही. आधी सोडलं तर शिकवण्याचा खर्च भरायचा.

मला तेव्हा हे रास्त वाटायचं. आजही अर्धंमुर्धं वाटतं. शिकवायला डिझेल लागतं, गाडी अडकून पडते, माझा पगार जातो — हे कुणी का सोसावं? पण एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यातच आली नव्हती. समोरच्याला खरंच किती शिकवलं, हे ठरवणार कोण? तर मी. शिकवणाराही मी आणि साक्षीदारही मीच.

अर्चना आमच्याकडे आली ती वाशीमकडून. गावी शाळेची व्हॅन चालवायची. नवरा इथे एका कारखान्यात कंत्राटी कामाला, एक लहान मुलगी. बोलायला बुजरी, पण स्टिअरिंगवर बसली की बाई बदलायची. चांगला चालक मी हातांवरून ओळखत नाही, पायांवरून ओळखतो. चढावर गाडी उचलताना ती तसूभरही मागे सरकू द्यायची नाही. एकदा घरी जेवताना मी म्हणालोसुद्धा — एक जण आलीय, ही माझ्यापेक्षा बरी चालवेल. बायको म्हणाली, "त्यात काय मोठंसं!"

आता घाटाकडे येतो. येतो म्हणतोय, पण बघा — अजून इकडचंतिकडचंच चाललंय.

आमचा नियम असा होता, की शिकण्याच्या शेवटी प्रत्येकाने बोपदेव घाट स्वतः उतरवायचा. चढणं कुणालाही जमतं, माणूस कळतो तो उतरताना. ज्या गियरवर घाट चढतो त्याच गियरवर उतरायचं, गाडी इंजिनने धरून ठेवायची, ब्रेक लावायचा तो हलकेच आणि अधूनमधून. सगळा उतार ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेकचे लायनर तापून जळतात आणि नेमका गरजेला ब्रेक लागत नाही. हे मी फळ्यावर इतकं छान समजवायचो, की ऐकणाऱ्याला घाट उतरून आल्यासारखं वाटायचं.

पण अर्चना येण्याच्या आदल्या वर्षी त्या घाटात एक प्रकार झाला होता. शिकणारा एक जण उतारावर घाबरला आणि त्याने क्लच दाबून धरला. इंजिनची पकड गेली, गाडी मोकळी सुटली. मी हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली. कुणाला खरचटलंही नाही. खाली येऊन आम्ही चहा प्यायलो, मी तो किस्सा सगळ्यांना हसत हसत सांगितला. आणि त्यानंतर एकदाही कुणाला घाट उतरवू दिला नाही. मीच चालवायचो, ते मागे बसून बघायचे. नोंद मात्र व्हायची — घाट झाला.

म्हणजे मला भीती बसली होती. लिहिल्यावर किती साधं वाटतं हे! एवढंसं वाक्य मी बायकोजवळही का बोलू शकलो नसेन?

अर्चनाच्या वेळी मात्र वाटलं, हिला द्यावा. हिच्या पायांवर माझा भरवसा होता. मागे आणखी दोघे शिकाऊ होते, मोबाइलमध्ये मान घालून बसलेले. वर पोचल्यावर मी तिला म्हणालो, "बस. उतरव." तिचा चेहरा असा काही उजळला, की मलाही बरं वाटलं.

ती उतरायला लागली. दुसरा गियर, गाडी अगदी ताब्यात. वळण आलं की तिचा पाय ब्रेकवर हलकेच टेकायचा आणि उठायचा — पुस्तकात लिहावं तसा. आणि माझा पाय? शिकवण्याच्या गाडीत मास्तरापुढे दुसरा ब्रेक असायला हवा. पण आमच्या गाड्या दिवसा शिकवायच्या आणि रात्री माणसं वाहायच्या, त्यांना कुठला दुसरा ब्रेक? माझ्या पायाखाली नुसता पत्रा होता. तो मी दाबत होतो. सगळी ताकद लावून, पोटरीत गोळा येईपर्यंत. पहिलं मोठं वळण संपलं आणि मी म्हणालो, "थांब. बाजूला घे." तिने घेतली. मी म्हणालो, "राहू दे, मी घेतो."

तिने विचारलं नाही का ते. मीही सांगितलं नाही. गाडी मीच खाली आणली.

इथवर काय, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची भीती. कुणी हसून सोडूनही देईल. पण मला सांगायचं आहे ते पुढचं आहे.

पुढे काही महिन्यांनी अर्चनाने नोकरी सोडायची ठरवली. घेताना दिवसपाळीचं सांगितलं होतं, दिली रात्रपाळी. नवऱ्याचीही पाळी बदलती, मुलगी शेजारणीकडे झोपायची. तिला सासवडच्या पलीकडे एका कारखान्याच्या बसवर काम मिळत होतं — सकाळी माणसं न्यायची, संध्याकाळी आणायची, रात्री घरी. रस्ता याच घाटाचा. आमच्या कंपनीने खर्च मागितला. ती भरायला तयार होती, पण एक गोष्ट तिने सरळ विचारली. घाट मला शिकवलाच नाही, तो मला नव्या ठिकाणी शिकून घ्यावा लागणार, मग त्याचा खर्च इथे का भरू?

मॅनेजरांनी मला बोलावलं. नारायण पेठेतला माणूस, शब्द कमी आणि त्यातले निम्मे आंबट. "या मास्तर. बाई म्हणतायत, घाट शिकवला नाही. तर शिकवला होतात, की नुसता दाखवला होतात?"

अर्चना समोरच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "सरायनं एका वळणावर गाडी घेतली जी माह्या हातातून. सरायलेच विचारा."

मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? याचा मी खूप विचार केला आहे. नोकरी गेली नसती, माझ्यासारखा शिकवणारा त्यांना मिळत नव्हता. चार टोमणे ऐकावे लागले असते, बस. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी डोळा मारला नव्हता. तरी मी म्हणालो, "उतरवायला दिला होता साहेब. तिला जमलं नाही."

अर्चनाने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी सोसला असता. पण ती हळूच म्हणाली, "मले वाटलंच होतं जी. तुम्ही गाडी घेतली तवाच." आणि मग विचारलं, "पण सर, काय चुकलं होतं माह्यं?"

या प्रश्नापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. अजूनही सुटता आलं असतं. "आता आठवत नाही" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मी म्हणालो, "उतारावर तुझा पाय सारखा ब्रेकवर दाबलेला असतो. मी गाडी घेतली नसती तर—" आणि वाक्य तिथेच सोडलं. पुढचं तिने स्वतः पूर्ण करावं म्हणून.

कुठून आलं हे? मी काही ठरवून गेलो नव्हतो. दुसरी कुठलीही चूक सांगता आली असती — गियर, वळण, आरसा. मी माझीच उचलून तिला दिली. आणि देताना माझा आवाज हलला नाही, उलट शिकवताना लागतो तसा समजावणीचा सूर लागला. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. ते माझ्या आत किती दिवस तयार होऊन पडलं होतं? मला खरोखरच कुतूहल आहे, आणि त्या कुतूहलाची मला लाजही वाटते.

तिने मान खाली घालून आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे शिकवला. जमला नाही, तो भाग वेगळा." अर्चना म्हणाली, "मंग मी नाही जात जी तिकडं. राहतो इथंच."

खर्च भरायचा प्रश्नच उरला नाही. कंपनी खूश. लिहून घेतलेल्या अटीने जी थांबली नसती, ती माझ्या एका वाक्याने थांबली. रात्रपाळी चालू राहिली, मुलगी शेजारणीकडे झोपत राहिली. दोन वर्षं पुरी झाली तरी ती कुठे गेली नाही. घाटाचा रस्ता असला की आपण होऊन सांगायची — दुसऱ्याला द्या, मले घाट जमत नाही.

एकदा न राहवून मी म्हणालो, "अर्चना, रविवारी बोपदेवला जाऊन परत करून बघू या का?" ती म्हणाली, "नको जी. मले माह्या पायाचं भेव वाटते." आणि मला — काय सांगू तुम्हाला — मला हायसं वाटलं.

एकटा असलो की मला घाटाचं काही वाटत नाही. मुद्दाम रिकामी गाडी घेऊन जाऊन पाहिलंय, शीळ घालत उतरलो. दुसरं कुणी चालवत असलं की मात्र पाय चालतो. परवा मुलगा गाडी चालवत होता, कोथरूडच्या साध्या सपाट रस्त्यावर, तर मागून बायको म्हणाली, "अहो, पायाखाली काय चिरडताय?" मी म्हणालो, मुंग्या आल्यात.

गेल्या महिन्यात मी काम सोडलं. डेपोतच छोटासा निरोप समारंभ झाला, शाल, नारळ, पेढे. चालकांपैकी कुणी बोलणार का, असं मॅनेजरांनी विचारलं, तर बुजरी अर्चना उठली. म्हणाली, "सरायनं मले तोंडावर खरं सांगितलं. कोणी सांगत नाही असं. नाहीतर मी त्या घाटात कधीच जिवानिशी गेलो असतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने मुलीला पुढे केलं. मुलगी आता चांगली उंच झाली आहे. अर्चना तिला म्हणाली, "पाया पड. ह्या सरायनं तुह्या आईले वाचवलं."

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "मोठी हो" म्हणालो, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आलो.