दौलत मिस्त्रीची तिरकी भोकं

दौलत मिस्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या तोंडात पान होतं. हैदराबादेत मी राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या कडेला, पिंक टाकायला मान पुढे काढलेली, गाल फुगलेले, आणि समोर आमच्या बीडकडल्या शिरूरचा एक शेतकरी उभा... "गणपतराव, दौलत मिस्त्री गेले. ताप डोक्यात गेलता." आता अशा वेळी माणसानं काय करावं? ज्यानं जन्मभर थुंकणाऱ्यांचा दुस्वास केला, त्याच्या मरणाची बातमी ऐकून पहिलं काम म्हणून लाल पिचकारी मारावी? मी गिळलं. तंबाखूसकट. दुसऱ्या क्षणी गल्ली माझ्याभोवती फिरू लागली, घाम फुटला, उचकी लागली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या भल्या माणसानं मला धरून ओट्यावर बसवलं आणि गावी जाऊन सांगितलं, मित्र असावा तर असा, ऐकल्याबरोबर कोसळलाच. गावात तेव्हापासून माझी जी थोडी अब्रू झाली आहे ती हा लेख छापून येईपर्यंतच टिकायची.

दौलतला किळस फार. गवंडी माणूस, हात दिवसभर चुन्यात, पण कानात अत्तराचा फाया. थापी धुतल्याशिवाय धरायचा नाही आणि धुतल्याशिवाय ठेवायचा नाही. दुसऱ्याच्या तांब्याला तोंड लावायचा नाही. कुणी खाकरलं तरी याचं नाक वर जाई. आणि देवानं त्याला धंदा दिला तो कसला, तर गचकामाचा, म्हणजे चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्याचा! हैदराबादेत ज्या स्टेशनाच्या पांढऱ्याशुभ्र भिंतींकडे उतारू मान वर करून बघतात, त्या भिंती कशाच्या आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. मी सांगतो. भाजलेला चुना बैलाच्या घाण्यात मळायचा. शेजारी रांजण मांडायचे, त्यांत बेलफळाचा गर, गूळ, हिरडा, भिजवलेला उडीद घालून सगळं उन्हात कुजू द्यायचं, आणि वास असह्य झाला की ते पाणी चुन्यात ओतायचं. मग भिंतीवर लेप देऊन गारगोटीनं घोटत बसायचं, आरशासारखी होईपर्यंत. त्या बांधकामावर मी नवा होतो. शिरूरला थोडी उर्दू शिकलो होतो म्हणून मजुरांची हजेरी घ्यायला दौलतनं मला नेलं होतं. ऊन मी म्हणत होतं, आणि फडकं बांधलेल्या रांजणातून बेलाचा आणि गुळाचा वास येत होता. मला वाटलं, काय हे थोर सरकार, मजुरांसाठी सरबत! तांब्याभर प्यालो. उडीद दाताखाली आला तेव्हा शंका आली, पण तोवर उशीर झाला होता.

"कावून पिलास बे?" दौलत ओरडला. "ते घुमटासाठी हाय!"

"मला वाटलं..."

"आता मर. तुझ्या पोटाला शंभर वर्सं तडा जायचा न्हाई." आणि नाक धरून तो चार हात लांब सरकला. पुढचे दिवस मी कुठे आणि कसे काढले हे विचारू नका. इतकंच सांगतो, की घुमटाच्या वाट्याचं थोडं तरी माझ्यातून वाया गेलं.

नवी इमारत उभी राहत होती आणि गाड्या तोपर्यंत शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून सुटत होत्या. त्या शेडमध्ये बायकांसाठी एक खोली होती. खोली कसली, पत्र्याची पेटी. चारी बाजूंनी बंद, दार मागच्या अंगाला, दाराला गोणपाट. आम्ही गावच्या जत्रेला निघालो. आमच्या बीड जिल्ह्याच्या गावांना रेल्वे ऐकूनच माहीत, तेव्हा जालन्यापर्यंत गाडी आणि पुढे बैलगाडी. दौलतची बायको गोदावहिनी गाठोडं घेऊन त्या पेटीत बसली. गाडी आली, एकच झुंबड उडाली. दौलतला वाटलं मी तिला जनान्या डब्यात बसवलं. मला वाटलं त्यानं बसवलं. माझ्या हातात गरम भजी होती, त्यामुळे मी फारसा विचार करण्याच्या अवस्थेत नव्हतो. गाडी हलली तेव्हा आम्ही दोघं एकाच डब्यात समोरासमोर. "वहिनी?" मी म्हणालो. "गोदा?" तो म्हणाला... पुढच्या स्टेशनावर उतरून परत यायला संध्याकाळ झाली. वहिनी त्या पेटीत गाठोड्यावर तशीच बसलेली. आत लघवीचा वास, घामाचा वास, माश्या. दौलतनं दारातच नाकाला उपरणं लावलं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "नाक कावून धरता? मी दिसभर बसले की. घंटा ऐकली, शिटी ऐकली, धूर बी आत आला. गाडी तेवढी दिसली न्हाई. भिंतीला एक भोक असतं, तर चालत्या गाडीत चढले असते." मग माझ्याकडे वळून, "भावजी, भजी कुठंयत?" भजी मी खाल्ली होती.

दौलतच्या डोक्यात ते भोक तिथेच पडलं.

त्या नव्या स्टेशनाचं काय सांगावं! मधोमध मोठा घुमट, बगलेला धाकटे घुमट, कोपऱ्याकोपऱ्यांवर मिनार, टोकदार कमानींची रांग. लांबून बघणाऱ्याला वाटावं कुणा बादशहाचा महाल आहे. आत गेलं की तिकिटाची खिडकी. बायकांसाठी मात्र खरोखर विचार केलेला. घोडागाडीतून उतरलेल्या बाईनं पुरुषाच्या नजरेस न पडता थेट डब्यात जावं म्हणून बंद वाट, आणि वाटेला लागून बसायची खोली. पण फलाटाच्या बाजूची भिंत नकाशात कोरी. म्हणजे पुन्हा पेटीच, फक्त घुमटाखालची. दौलतनं दरोग्याला सांगितलं, इथे जाळी पाहिजे. कामावर देखरेख करणारा हा दरोगा जाडा, तोंडात कायम विडा. तो म्हणाला, "जाली? नक्को. मर्दां झांकते." म्हणजे पुरुष आत डोकावतील. दौलत बधेना. रोज कामाला लागण्याआधी तेच. "आतल्या बाईला गाडी दिसली पायजे. न्हाईतर हे स्टेशन बाप्यांचं." अखेर प्रकरण विलायती साहेबाकडे गेलं. साहेब म्हणाला, करून दाखवा. बाहेरून आतलं दिसलं नाही तर ठेवू, दिसलं तर बुजवू.

आता तपासायला आत कुणीतरी बाई हवी. मी म्हटलं, वहिनीला उभं करू. दौलत माझ्यावर धावून आला. "आन् जाळी चुकली तर? तो दरोगा माझ्या बायकोला बघत बसंल व्हय बे? तू ऱ्हा!" झोपडीत गोदावहिनीनं हसत हसत मला तिचं जुनं लुगडं नेसवलं, पदर डोक्यावरून ओढला, आणि मी जनान्यात जाऊन बसलो. बाहेर साहेब, दरोगा आणि अर्धे मजूर. मग दरोग्याचा आवाज, "साब, औरत को मूंछां हैं!" हशा असा उसळला की परांचीवरची कबुतरं उडाली. दौलतनं भोकं सरळ पाडली होती, आणि मी मिशा काढायला विसरलो होतो. दोघांचंही चुकलं, पण हसले ते मलाच.

त्यानं ती जाळी स्वतः फोडली. कुणाला हात लावू दिला नाही. पुन्हा गचात घडवली तेव्हा प्रत्येक भोक बाहेरच्या अंगाला खाली उतरतं ठेवलं. आत उंच ओट्यावर बसून बघणाऱ्याला फलाट, गाडीची चाकं, माणसांची तोंडं दिसावीत. बाहेरून बघणाऱ्याला आतलं नुसतं छत. दुसऱ्या खेपेला लुगडं नेसवताना वहिनी माझ्या कानात म्हणाली, "भावजी, या येळंला नीट बघून सांगा, काय दिसतंय ते. मला न्हाई जाता येत." मी बसलो. बाहेर साहेब वाकला, उठला, पुन्हा वाकला. म्हणाला, काही दिसत नाही. दरोगा म्हणाला, आतून तरी कुठे काही दिसतंय? साहेबानं विचारलं, आत कोण आहे, काय दिसतं सांगा. मी प्रामाणिक माणूस. जे दिसलं ते मोठ्यानं सांगितलं, "दरोगासाहेब नाकात बोट घालून उभे आहेत. आता ते बोट कमानीला पुसलं."

जाळी राहिली. माझी नोकरी गेली.

पुढे दौलत कामासाठी वरचेवर हैदराबादेला यायचा आणि दर वेळी आधी त्या भिंतीपाशी उभा राहायचा. आतून बोटं बाहेर यायची. बांगडी किणकिणायची. कुणी पोरीला दाखवत असे, "ती बघ आली." तो मिशीत हसायचा. मी तेव्हा शेजारी उभा असायचो, म्हणून पुढचंही मला माहीत आहे. फलाटावर गाडीची वाट बघत उभ्या पुरुषांना त्या भोकांचा एकच उपयोग सुचला. पान चघळायचं, नेम धरायचा आणि भोकात पिंक टाकायची. पैजा लागायच्या. चांगले कोटटोपीवाले, अत्तर लावलेले, ज्यांच्या घरच्या बाया कदाचित पलीकडे बसलेल्या असतील असे. पिंक भोकात साचायची, उन्हानं सुकायची, त्यावर दुसरी पडायची, आणि त्या आरशासारख्या पांढऱ्या भिंतीवरून तांबडे ओघळ खाली यायचे. ते मी पाहिलं आहे. रांजणातलं ते पाणी मी प्यालो, पण त्यात कुणाचा नीचपणा मिसळलेला नव्हता. दौलत काथ्याची कुंचली आणि पाणी घेऊन भोकन् भोक धुवायचा, नाकाला उपरणं बांधून, ओकाऱ्या काढत. मी म्हणायचो, राहू दे. तो म्हणायचा, "आतून बाई बघती बे. तिला काय दिसंल?"

शेवटचा आला तेव्हा वहिनीही बरोबर होती. ती जनान्यात जाऊन बसली आणि आम्ही फलाटावर गेलो. जाळी नव्हती. भोकं चुनाविटांनी बुजवून वरून छातीइतक्या उंचीपर्यंत तपकिरी रंग फासलेला होता. पिंक पडली तरी दिसू नये असा रंग! काय अक्कल आहे पहा... घाण थांबवायची नाही, घाणीच्या रंगाची भिंत करायची. दौलतला किळस आली की तो शिव्या द्यायचा. त्या दिवशी त्यानं नुसता तळवा भिंतीवरून फिरवला आणि धोतराला पुसला. तिथल्या एका अंमलदाराला आम्ही विचारलं. तो म्हणाला, "लोगां थूकते थे. बदबू आती थी. बंद कर दिए."

"मग लोकांची तोंडं बुजवा की," दौलत म्हणाला.

अंमलदार मनापासून हसला. हसता हसता मान वळवली आणि भिंतीवर थुंकला.

त्यानंतर दौलतनं शिरूर सोडलं नाही. आणि मग ती बातमी, ते गिळलेलं पान. गावी जायला निघालो तो त्याच स्टेशनावरून. घुमटाखालून जाताना वर पाहिलं नाही, तपकिरी भिंतीकडेही पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझं ठरवलेलं काही तडीस जात नाही. डाव्या अंगाला, खालच्या ओळीत एक भोक उघडं होतं. विटेचा भुगा खाली फलाटावर पडलेला. बघतो तो भोकातून एक बोट बाहेर आलं, हललं, आत गेलं, आणि आतून कुणीतरी म्हणालं, "आली गं, आली." मी गाडीत बसायच्या ऐवजी तिथेच उभा राहिलो. गाडी गेली. दुसरी पकडावी लागली. वहिनीसारखंच झालं, फक्त माझी गाडी भिंतीच्या बाहेर उभं राहून चुकली.

शिरूरला पोहोचलो तर दौलतच्या दारात बैठक. "कलावंत गेला," एक म्हणत होता आणि भिंतीच्या पायथ्याशी थुंकत होता. "तालुक्याचं नाव काढलं," दुसरा म्हणाला, थुंकला. ही माणसं त्याला जिवंतपणी "भोकंवाला" म्हणत. उबग आला. मी उठून घराच्या बगलेला गेलो. तिथे स्वैंपाकघराच्या भिंतीत दौलतनं वहिनीसाठी केलेली जाळी आहे, स्टेशनावरच्यासारखीच, चुलीपाशी बसून रस्ता दिसावा म्हणून. आतलं काही दिसलं नाही. छताचं एक लाकूड दिसलं.

"वहिनी..." मी म्हटलं. सांत्वनाची जी वाक्यं गाडीत जुळवली होती ती सगळी थुंकणाऱ्यांनी आधीच वापरली होती. म्हणून एकदम म्हणालो, "स्टेशनातलं एक भोक उघडं हाय."

आत भांड्याचा आवाज थांबला. "कंचं?"

"डावीकडलं. खालच्या वळीतलं. बाहेर बोट आलतं."

"आरपार झालं म्हणायचं." मग जाळीजवळ येऊन, "मी दाभणानं सुरू केलतं, भावजी. तुमी दोघं त्या अंमलदाराशी भांडत होता तवा. गाठोड्यात दाभण होता, गोणी शिवायचा. लई कठीण गिलावा. निम्मंच झालं आन् गाडीची घंटा वाजली. शेजारच्या बाईला दाभण दिला, म्हटलं, तू बस खोदत. तिनं अजून कुणाला दिला असंल."

मी भिंतीला हात टेकला. गार होती, गुळगुळीत. "दौलतला सांगितलंत?"

"सांगितलं की. तापात होते, डोळे मिटून पडलेले. म्हणले, 'सरळ खोदलंस का तिरकं?'"

"मग?"

"मी म्हटलं, तिरकं. तुमच्याच भोकातनं खोदलं. मग हसले." आतून बांगड्यांचा आवाज आला नाही. बांगड्या आता नव्हत्या. जुन्या सवयीनं माझी मान गटाराकडे वळली. तोंडात पान होतंच, बैठकीत कुणीतरी दिलेलं.

"भावजी," जाळीतून आवाज आला, "दिसतंय मला. गिळा."

मी गिळलं.