तळ्याकाठचं शेवटचं घर

आमच्या नाटक कंपनीचे देखावे महिपती उभे करायचा. मी राजाच्या भूमिका करायचो, म्हणून तो मला शेवटपर्यंत ‘राजे’च म्हणाला. माझे महाल, माझी सिंहासनं, सगळं त्याच्या हातचं. एवढी राज्यं मला दुसऱ्या कुणी दिली नाहीत.

त्र्याहत्तर साली कंपनी बंद पडली. मी सात रस्त्याजवळ भावाकडे राहू लागलो. महिपती गिरणीमागच्या चाळीत, बिनखिडकीच्या एका खोलीत. त्याची बायको अक्कम्मा विड्या वळायची. तंबाखूच्या धुळीनं तिची छाती गेली होती. ती खोकू लागली की शेजारी भिंतीवर थापा मारत.

त्या खोलीत महिपतीनं एक गाव करायला घेतलं. बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, शाडू. घरं पायरीपायरीनं चढत गेलेली, एकाचं छत ते दुसऱ्याचं अंगण. भिंतीला भिंत कुठंच नाही. मधे सगळ्यांची एकच चूल, आणि पार मागं आरशाच्या तुकड्याचं तळं. चाळकरी सोसायटी काढणार होते. हे बघून ते असंच गाव बांधतील आणि अक्कम्माला मोकळा वारा मिळेल, एवढीच त्याची आस.

लोक घरं निवडायला येत. एकीनं सासूला तळ्यापलीकडं जागा मागितली. अक्कम्मानं तळ्याकाठचं शेवटचं घर धरलं. महिपतीनं तिची बाहुली केली आणि ठेवायला गेला, तर बाहुली घराहून उंच.

“अवो, मी ह्यात मावत न्हाई की,” अक्कम्मा हसत म्हणाली.

चूक माझ्या लगेच ध्यानात आली. चार हात खोल रंगमंचावर अख्खा राजरस्ता दाखवायचा, तर मागची घरं लहान लहान करत न्यावी लागतात. मग ती लांबची वाटतात. तिथं नटानं मात्र जायचं नाही. गेला की तो राक्षस दिसतो आणि गाव खोटं पडतं. हा नियम मला महिपतीनंच शिकवला होता. तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं हे गावही तसंच केलं होतं. दारापाशी ठेवलेल्या एका खुर्चीवरूनच ते खरं दिसे. सोसायटीच्या इंजिनियरनं पट्टी लावली, मागची, मापानं मांजरापुरतीच भरणारी दारं बघितली आणि तो निघून गेला.

मी म्हटलं, मागची घरं मोठी कर. तो ऐकेना. अक्कम्मा आता दिवसभर त्या खुर्चीत असायची आणि गावाकडं बघताना तिचा खोकला थांबायचा.

ती झिजत चालली. बाहुली तिच्यासारखीच हवी, म्हणून महिपती दर आठवड्याला नवी, आणखी बारीक बाहुली करी. एका दुपारी बाहुली त्या दारातून अलगद आत गेली. त्यानं दार लावलं. चहाच्या वेळेला अक्कम्मा खुर्चीतच गेली.

पुढं खुर्चीत महिपती बसू लागला. गावाच्या वेशीवर दुसरी बाहुली आली, डोक्याला त्याच्यासारखाच रुमाल. मी जायचो तेव्हा दर खेपेला ती एक रांग मागं सरकलेली आणि आधीपेक्षा बारीक. वहिनी माझ्यासोबत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी द्यायची. तो ती शेजाऱ्यांत वाटून टाकी.

“महिपती, दोन घास तरी खा,” मी एकदा हात धरून म्हणालो.

“दार लहान हाय, राजे.”

पंधरा दिवसांनी गेलो, तर खोली उघडी, चपला उंबऱ्याशी, महिपती नाही. चाळकऱ्यांनी स्टेशन, विहिरी, सगळं पालथं घातलं होतं. मी खुर्चीत टेकलो. तळ्याकाठच्या घराचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर दोघं शेजारी शेजारी बसली होती. तिकडून गार वारा आला. बिनखिडकीच्या त्या खोलीत माझं उपरणं हललं.

शाडूचीच असतील. चार पावलं टाकली असती तर कळलं असतं. पण तिथं नटानं जायचं नसतं. मी भाकरी खुर्चीवर ठेवली आणि पाठ न फिरवता बाहेर आलो.