रणजितच्या रक्तातला जास्तीचा एक्स

डॉक्टरांनी पुण्याहून आलेला कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “ताई, रिपोर्ट फॉर्टी-सेव्हन एक्स-एक्स-वाय आलाय. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात.”

मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी एकच विचारलं, “मुलगाच हाय न्हवं, डॉक्टर?”

शेजारी माझा चौदा वर्षांचा रणजित बसला होता. त्याच्यादेखत मी हे विचारलं. त्याची मान खाली गेलेली मला अजून दिसते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं.

“मुलगाच आहे. हवं तर लिहून देतो,” डॉक्टर म्हणाले.

“द्या लिहून,” मी म्हणाले.

लेकरू मुलगा आहे याचा कागद आईला का लागावा, ते सांगते. नव्वदीच्या शेवटाची गोष्ट आहे.

आम्ही कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचे. आमचे मालक फौंड्रीत कामाला, मी अंगणवाडी सेविका. गावभरच्या पोरांची वजनं करायचे मी, आणि घरातलं दुखणं मला दिसलं नाही! रणजित तीन वर्षांचा होईस्तोवर धड बोललाच नाही. सासूबाई म्हणायच्या, “बाप बी असाच मुका हुता.” शाळेत वाचन जमेना, तर मास्तरांनी मठ्ठ म्हणून सोडून दिला. उंची मात्र सातवीतच बापाच्या वर गेली.

कोल्हापूरकडं उंच पोरगं दिसलं की घरच्यांना त्यात आधी पैलवान दिसतो. मालकांनी त्याला तालमीत घातलं. घरची म्हैस, त्यामुळं दूध-तूप चालू, वर बदामाची थंडाई. पोरगं वाढत होतं, पण जोर मारताना हात थरथरायचे. आणि छाती भरू लागली. आम्ही म्हटलं, खुराक अंगाला लागला! अन् आणखी दूध वाढवलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

लंगोट लावून तांबड्या मातीत उतरलेल्या पोराची ती छाती सगळ्या तालमीनं बघितली. पोरांनी काय काय नावं ठेवली ती इथं लिहीत नाही. रणजितनं घरी अवाक्षर काढलं नाही. एक दिवस वस्तादच दारात येऊन उभे राहिले. “वैनी, पोराला आता धाडू नगा. मेहनतीचं न्हाय हे, दुसरंच कायतरी हाय. दवाखान्यात दावा.”

ते जाताच सासूबाई म्हणाल्या, “दवाखाना कशाला? यल्लम्मानं मागितलंय त्येला.”

आमच्या भागात पोराची चाल-ढाल, अंगलट बाईसारखी दिसली की लोक म्हणतात, देवीचं बोलावणं आलं. मग गळ्यात देवीचे मणी बांधून त्याला जोगता करायचं. लुगडं नेसायचं, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली, घ्यायचा आणि दारोदार जोगवा मागायचा. मनानं त्या वाटेनं जाणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही. पण माझ्या पोराच्या मनात काय आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आठ दिवस असेच गेले. मग मालक म्हणाले, “देवी मागत्या तर दिऊन टाकू. निदान लोकं हसायच्या जागी पाया तरी पडतील.” मणी बांधायला पुढची पौर्णिमा सोडून तिच्या नंतरची धरली. 

मी घरात खोटं सांगून रणजितला घेऊन दवाखाने पालथे घातले. एकानं मलम दिलं. एक जण हसला. शेवटी कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात हे डॉक्टर भेटले. त्यांनी पडद्याआड त्याला नीट तपासलं आणि मला सांगितलं, अंडकोष वयाच्या मानानं फार लहान आहेत, कॅरिओटायपिंग करावं लागेल. म्हणजे रक्तातल्या पेशी वाढवून त्यातली गुणसूत्रं मोजायची. नमुना पुण्याला जाणार, तीन आठवडे लागणार.

चौथ्या आठवड्यात निरोप आला, पेशी वाढल्याच नाहीत, पुन्हा रक्त द्या. दवाखान्याच्या बाकड्यावर मी मोठ्यानं रडले. दिवस तर मोजून उरलेले. वाडीला जाऊन दत्ताला साकडं घातलं, पण एक देव दुसऱ्या देवाला कसा अडवणार, हेही मनात आलंच.

पौर्णिमेला पाच दिवस उरले असताना तो कागद आला.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. रणजितमध्ये एक एक्स जास्तीचा. “पेशींची विभागणी होताना असं होतं. ना तुमची चूक, ना त्याच्या वडिलांची. अशी मुलं असतात, ताई, पण कुणी तपासत नाही म्हणून सापडत नाहीत.” टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषपणाचं संप्रेरक, ते त्याच्या अंगात कमी आहे. त्याचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी. छातीची गाठ इंजेक्शननं जात नाही, तिला ऑपरेशन. मग रणजितला बाहेर पाठवून ते म्हणाले, “मूलबाळ होणं बहुधा अवघड आहे.” मी ते पदराला बांधून घरी आणलं.

घरी मी कागद वाचून दाखवला. मालक म्हणाले, “कागदावर लिवलं म्हणून पोराची छाती बसणार हाय व्हय?” सासूबाईंनी तर तायाप्पाला बोलावणंसुद्धा धाडलं होतं. तायाप्पा आमच्या पंचक्रोशीतला म्हातारा जोगता. मणी तोच बांधणार होता.

तो मंगळवारी आला. डोक्यावरचा जग पाटावर ठेवला, पाणी प्यायला. मी पदर खोचून तयारच होते. कागद त्याच्यापुढं धरला. तो म्हणाला, “मला वाचाय येत न्हाय, बाई. पोराला बोलवा.”

रणजित आला. तायाप्पानं विचारलं, “बाळा, मनातनं तुला काय वाटतंय? बाई वाटतंय का बाप्या?”

रणजितला शब्द जुळवायला वेळ लागतो. घरात आम्हीच त्याचं वाक्य पुरं करायचो. सासूबाईंनी तोंड उघडलं, तसा तायाप्पानं हात वर केला. “गप, आक्का. त्येला बोलू दे की.” मीसुद्धा ओठ दाबून धरले. किती वेळ गेला देव जाणे.

“मला,” रणजित म्हणाला, आणि थांबला. “मला बाबागत मिशा पायजेत.”

तायाप्पानं मणी पिशवीत परत टाकले. “ह्येला देवीनं बोलावलेलं न्हाय, आक्का. मला बोलावलं हुतं, म्या आनंदानं गेलतो. ह्येला दवाखान्यात न्या.”

मालक उंबऱ्यावर बसले होते. ते आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून रडले. पौर्णिमेदिवशी पहिलं इंजेक्शन द्यायला तेच रणजितला घेऊन गेले.

सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. दहावी दोनदा गेली. ऑपरेशनपर्यंत तो उन्हाळ्यातही स्वेटर काढायचा नाही. अठराव्या वर्षी मूल न होण्याचं सांगितलं, तेव्हा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही.  लग्नाचं काय होईल, मला माहीत नाही.

त्या काळात आपल्यासारखं आणखी कुणी आहे का, हे मला कळतच नव्हतं. डॉक्टर दुसऱ्यांची नावं देईनात, बरोबरच आहे. मग मीच म्हटलं, अशी कुणी आई आली तर तिला माझं नाव द्या. पोरगं उशिरा बोललं, उंच वाढतंय पण ताकद नाही, छाती भरतेय, वयात येताना मागं पडतंय, तर आयांनो, लाजू नका, रक्त तपासा. मी लाजले त्यात त्याची वर्षं गेली.

गेल्या वर्षी पहिली आई माझ्या स्वयंपाकघरात आली, सोबत बारा वर्षांचं पोरगं. मी त्याला नाव विचारलं. आईच सांगायला लागली. मी तिचा हात धरला. “थांबा ताई, त्यालाच सांगू द्या.”

ती थांबली. पोरगं बराच वेळ चाचरलं, आणि मग आपलं नाव त्यानं आपणच सांगितलं. त्याची आई पदरात तोंड घालून रडायला लागली. मी तिला रडू दिलं.