बारा नंबर बंद नव्हता

लोणावळ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवत होते. तुंगार्लीच्या तलावात कोणत्या डोंगरउतारावरून किती पाणी येतं, याचा हिशोब करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. एका संगणकाला ते झेपेना. म्हणून नकाशाचे बारा सारखे तुकडे केले आणि प्रयोगशाळेतल्या बारा संगणकांना वाटून दिले. चार नवे होते, बाकीचे वेगवेगळ्या वर्षी आलेले. बारावा तर एका हॉटेलने नवा घेतल्यावर देऊन टाकलेला.

रोज दुपारी वर्ग संपले की मी काम सुरू करायची आणि रोज ते अडायचं. पडद्यावर ओळ यायची, ‘बारा नंबर बंद’.

प्रयोगशाळा सांभाळणारे भाऊ वलवणहून सायकलने येत. दुपारी झाडलोटही तेच करत. तिसऱ्या दिवशी मी मुलांसमोरच म्हणाले, “भाऊ, झाडताना तुमच्याकडून वायर निघते. जरा बघून करत जा.”

ते केरसुणी ठेवून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच झाडून घेतलं आणि दुपारी बारा नंबरशेजारी स्टूल टाकून बसले. पुन्हा तीच ओळ आली. मी उठले तसे ते म्हणाले, “मॅडम, हितं या. ह्यो बंद न्हाई. मागनं हात धरा, किती गरम हवा येतीया. ह्याचं काम चाललंय अजून.”

खरंच चाललं होतं. निम्मं झालंही होतं. दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, तर संगणक बंद समजायचा, असं मीच लिहून ठेवलं होतं. ती दहा मिनिटं मी माझ्या नव्या लॅपटॉपवरून ठरवली होती.

मी प्रोग्राम बदलला. खूप लहान तुकडे केले. ज्याचा तुकडा संपेल त्याने पुढचा घ्यायचा. आणि दुसऱ्या दिवशी मुलांसमोरच भाऊंची माफी मागितली. चूक माझी होती, असं मी म्हणाले.

“व्हय,” ते म्हणाले, “पण ती वायर तुमी एकदा बी बगितली न्हाई.”



त्याच आठवड्यात हिशोब पूर्ण झाला. बारा नंबरने सगळ्यांत कमी तुकडे केले, पण केले. भाऊ पूर्वीसारखं मोकळं बोलायला मात्र दिवाळी उजाडली.