वाऱ्यापुढं कोण होतं

आमच्या ईट गावच्या स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर बांधली ती युसूफनं. मागच्या लोखंडी शिडीवरून तो वर चढला, सुंभाची गाठ मारली आणि वरूनच ओरडला, "नाम्या, बार्शीला उतरताना हे टोक वढ. दुसरं वढलंस तर बसशील तिथंच सोडवत." आई रडत होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "तब्येत सांभाळ. पळणं सोडू नगं."

मी बडोद्याला चाललो होतो. विद्यापीठाच्या दहा हजार मीटरच्या शर्यतीत मी पहिला आलो होतो आणि तिथल्या एका कारखान्यानं मला खेळाडूंच्या जागेवर घेतलं होतं. युसूफ दुसरा आला होता. जागा एकच होती.

पुढचं सरळ आहे. काही वर्षं कारखान्याकडून पळालो. मग गुडघ्यानं साथ सोडली, तेव्हा कामगार खात्यात बसलो आणि त्याच खात्याचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. आमच्या वरणात आता साखर असते. घराबाहेर पडताना तोंडातून 'चालो' निघतं. शाळूची भाकरी मिळते, पण ती ताटात चपातीच्या शेजारी कौतुकानं वाढतात. तुमच्यापैकी जे पुण्याला, सुरतेला, दुबईला गेले त्यांना हे ठाऊक असेल. सुरुवातीची काही वर्षं आपण घरी जातो. नंतर आपण आलो की अंगणात खुर्ची टाकतात.

गेल्या हिवाळ्यात विद्यापीठातून एका तरुण प्राध्यापकांचा फोन आला. मैदानावर नाव काढून पुढं दुसऱ्या क्षेत्रातही मोठ्या झालेल्या जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. त्यांनी माझा परिचय वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, 'अखेरपर्यंत एकट्याच्या बळावर आघाडी राखून त्यांनी शर्यत जिंकली.' बाकी सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, त्या वाक्याचं मी नंतर कळवतो.

ईटहून भूमकडं जाणाऱ्या सडकेवर आम्ही दोघं रोज पहाटे पळायचो. युसूफ पिंजाऱ्याचा, मी कुणब्याचा. बूट एकाकडंही नव्हते. त्या माळावर आडवं यायला काही नाही, वारं थेट छातीवर येतं. पुढचा वारं खातो, मागच्याला सोपं जातं. म्हणून आम्ही बारी ठरवली होती. मैलाचा दगड आला की मागच्यानं न सांगता पुढं व्हायचं. सांगावं लागलं तर ती लाज. आप्पा शेतातून आम्हाला बघायचे आणि लांबूनही पुढं कोण आहे ते ओळखायचे.

शर्यतीतही आम्ही तेच केलं. मैदानावर दगड नव्हते, म्हणून पहिली फेरी सोडून दर दोन फेऱ्यांनी बारी बदलायची असं ठरलं. बाकीचे मागं पडत गेले. शेवटच्या दोन फेऱ्या माझ्या होत्या. अखेरच्या वळणापर्यंत मी पुढं राहायचं आणि तिथून ज्याचा तो मोकळा. माझी बारी आली आणि मी पुढं झालो नाही. युसूफनं मान वळवली. "ये की," म्हणाला. मी त्याच्या पाठीकडं बघत राहिलो. त्याला वाटलं असेल मला धाप लागलीय. त्यानं माझ्या वाटच्या फेऱ्यांतही वारं खाल्लं. वळण आल्यावर मी बाजूनं निघालो. मला धाप लागलेली नव्हती.

नियमात हे कुठंच चूक नाही. पंचांनी मला पहिला दिला तो बरोबरच दिला. परतीच्या एसटीत युसूफ म्हणाला, "बारी इसरलास व्हय?" मी हसून विषय टाळला. घरी आप्पांनी कप हातात घेतला, फिरवून बघितला आणि विचारलं, "शेवटाला कुणाची बारी व्हती रं?" मी म्हटलं, "ध्यानात न्हाय." त्या शर्यतीचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

फोन आल्यावर मी उमरग्याला गेलो. युसूफचं तिथं हायवेवर बरं चाललंय. स्वतःचे ट्रक आहेत, पोरं धंदा बघतात, तो खाटेवर बसून त्यांना शिव्या देतो. मला बघून म्हणाला, "आले बडोद्याचे शेठ! चहात साखर किती पोती टाकू?" मी सत्काराचं सांगितलं, शर्यतीचंही सांगितलं. म्हटलं, तू चल, स्टेजवर दोघं जाऊ. त्यानं बशीतला चहा फुंकून संपवला.

"मला नको तुझी शाल. दुसरा आलो तो दुसराच. त्यात हात घालू नकोस. पुढं कोन पळत व्हतं, तेवढं सांग."

मी स्टेजवर सांगितलं. त्याचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, बारी म्हणजे काय ते सांगितलं आणि मी ती चुकवली हेही सांगितलं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. सूत्रसंचालक म्हणाले, असा विनम्रपणा आता दुर्मिळ झालाय. परिचयातलं वाक्य तसंच वाचलं गेलं. मी खाली उतरलो तेव्हा चढताना होतो त्याहून मोठा झालो होतो.

म्हणून हे लिहितोय, ज्यांना ती सडक आणि ते वारं माहीत आहे त्यांच्यासाठी. तो विनम्रपणा नव्हता. शेवटच्या फेऱ्यांत पुढं युसूफ होता.

परतताना ईटला उतरलो. युसूफ नातवाच्या गाडीतून आलेला होता. झालेला प्रकार ऐकून तो खोकला येईपर्यंत हसला. "तुला खरं बी बोलता येईना की रं!" मग आम्ही भूमच्या सडकेला लागलो. आता ती डांबरी आहे, मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आलेत. वारं तेच आहे. आम्ही पळत नव्हतो, नीट चालतही नव्हतो. पुढं युसूफ होता.

बडोद्यात माझा नातू विचारतो, दादा, तुमचं घर इथलं की तिथलं? आमचा फ्लॅट, माझी औषधं, माझी माणसं, सगळं बडोद्याला आहे. ईटला माझ्या नावावर आता काही नाही. पण माझी बारी कधीची राहिलीय हे माहीत असलेला माणूस तिकडंच आहे.

सडकेवर किलोमीटरचा दगड आला. या वेळी सांगावं लागलं नाही. मी बाजूनं निघून पुढं झालो, वारं छातीवर घेतलं आणि चालत राहिलो. थोड्या वेळानं मागून आवाज आला,

"सरळ चाल की, नाम्या. वारं लागतंय मला."