टिकल्यांचा नकाशा

ऐंशीनंतरची गोष्ट. बेळगावात मी आरोग्यखात्यात आकडे जुळवणारा कारकून होतो. कावीळ झालेल्याचं नाव दवाखान्याकडं, घरनंबर आरोग्य केंद्राकडं, आणि नळाची लाईन पाणीखात्याकडं. तिन्ही खाती सोयरीक मोडल्यासारखी वागत. म्हटलं, तिघांना एका भिंतीवर नांदवू. मोठा नकाशा टांगला. रंगीत टाचण्या मंजूर होईनात, मग बायकोच्या टिकल्यांची पाकिटं उचलली. रुग्ण तिथं लाल, नळ तिथं हिरवी. बायको कुंकवावर आली आणि माझ्याशी अबोल्यावर.

नळांची माहिती पाणीखात्यातल्या माझ्या शाळासोबत्यानं दिली. त्याला सगळे अण्णाच म्हणत. माझ्या डब्यातला झुणका खात तो एकेक लाईन दाखवी. हळूहळू लाल टिकल्या एकाच लाईनीवर गोळा झाल्या. ती गटारातून गेलेली. त्याच गल्लीत अण्णाचं घर आणि शेजारी माझ्या आक्काचं. आक्काची सून पोटुशी.

"लई भारी काम केलास रं," अण्णा म्हणाला. "बेंगळूरचे साहेब आले की दाखव, लाईन बदलायचा हुकूम जाग्यावर सुटंल. तोवर गल्लीत बोलू नको, लोक घाबरतील."

मी आक्कालाही बोललो नाही. वर नकाशाच्या खोलीची किल्लीही अण्णालाच दिली, सकाळी धूळ पुसून ठेव म्हणून. ती लाईन त्याच्याच देखरेखीखाली टाकलेली, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

साहेब आले. मी पडदा, म्हणजे बायकोचंच लुगडं, ऐटीत ओढला. त्या गल्लीत एक लाल टिकली नाही. नुसते डिंकाचे डाग.

"हे डाग कसले?"

"चहाचे, साहेब," अण्णा म्हणाला. "नकाशा पसरून त्यावरच चहा पितो ह्यो."

"साहेब, इथं टिकल्या होत्या," मी म्हणालो. मग तर सगळेच हसले.

संध्याकाळी भांडायला त्याच्या घरी गेलो. दारात त्याच्या चपला होत्या, तो मात्र बाहेर आला नाही. वहिनींनी पाणी दिलं. कोमट.

"उकळलेलं हाय, भावजी. महिना झाला, ह्यांनी साधं पाणी पिऊच दिलं न्हाई. तुमास्नी बोलले न्हाईत व्हय?"

तांब्या तसाच ठेवून मी शेजारी धावलो. सून नळाखालची घागर उचलत होती. मी हिसकून ओतून टाकली.

"येडा झालास काय रं?" आक्का म्हणाली.

"व्हय. आधी चूल पेटव."